तेकेस्तेच्या नावाचं विधेयक

३ फेब्रुवारी
संस्थेची पत्रकबाजी बास. आजपासून थेट कायदा. घरात प्रार्थना घेतली म्हणून तेकेस्ते त्याच्या मायदेशी पाच वर्षं तुरुंगात आहे. त्याच्या नावानं विधेयक, तिकडच्या सरकारवर निर्बंध. इथे असलेली त्याची बायको सेनाइत हिला फोन करून सांगितलं, सहा महिन्यांत नवरा घरी. रडली बिचारी. मलाही भरून आलं, स्वतःबद्दल.

१९ फेब्रुवारी
विधेयकाचं नाव ठरलं. मजकूर उद्या.

६ मार्च
मजकूर राहिलाय. बोधचिन्ह मात्र झकास.

१४ एप्रिल, स. ११
कॅपिटॉल, संसदेची इमारत. एक खासदारबाई मतदानाला निघालेल्या, लिफ्टपर्यंत सोबत धावलो. पूर्ण चाळीस सेकंद! त्यांनी मान हलवली. पाठिंबा पक्का. त्यांच्या सचिव लॉरेनबाई म्हणाल्या, मॅडम सगळ्यांनाच मान हलवतात. खवचट.

२ मे
सेनाइत घरचा हिंबाशा ब्रेड घेऊन ऑफिसात आली. विचारते, खासदारांच्या सह्यांचं साधं पत्र तिकडच्या वकिलातीला धाडू का? समजावलं, पत्रानं काय होतंय, मध्येच लुडबुड नको. तर म्हणाली, मिस्टर ओकली, तुमचा कायदा येईल तेव्हा येईल, तिकडे त्याचे दात पडायला लागलेत. विधेयकात दातांबद्दल कलम नाही. घालावं का?

२० जून
कळलं की ही बाई नर्सिंग होममधल्या नोकरीवर रजा टाकून रोज खासदारांची दारं झिजवतेय. पत्रावर एकतीस सह्या! लॉरेनबाई तिला बसायला खुर्ची देतात म्हणे. मला आजवर दिलेली नाही. शिस्तच नाही कुणाला.

८ जुलै
विधेयकाला संसदेच्या समितीपुढे सुनावणी मिळाली! १६ जुलै. तेकेस्तेचा सहा फुटी फोटो छापायला टाकला. भाषण पाठ करतोय.

१३ जुलै
तेकेस्तेला सोडलं. वकिलातीनं सेनाइतला फोन करून कळवलं. पत्रामुळे.

१५ जुलै, संध्याकाळी
विमानतळ. लॉरेनबाईही आलेल्या. सेनाइतनं नवऱ्याला सांगितलं, हे तुझ्यासाठी कायदा करत होते. त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला, बोळक्या तोंडानं हसला. म्हटलं, उद्या सुनावणीला याच. म्हणाला, भाऊ, उद्या मी झोपणार आहे. मग आत राहिलेल्या आठ जणांची नावं घाईघाईनं सांगायला लागला, विसरेन म्हणाला. लॉरेनबाईंनी लिहून घेतली. पेन माझ्याही खिशात होतं. पण माझ्या मनात चाललेलं, अजून तीनच दिवस आत राहिला असता तर. लिहितानासुद्धा लाज वाटतेय.

आठांतलं एकही नाव आठवत नाही. उद्या लॉरेनबाईंकडे मागायला जावं लागेल.