दीपगृहाची शेवटची फेरी

३ मार्च, संध्याकाळी
आज दीपगृहाच्या व्हिडिओ गेमसाठी ऑनलाइन खरेदीचं बटण दाबलं. त्याचीच डिस्क समोरच्या कपाटात होती. पण डिस्क काढायची तर उठावं लागतं, आणि हातात चहा. अशा वेळी माणसाने दूरचा विचार करावा. दीपगृहाचा खेळ आता डिजिटल. चरे पडणार नाहीत, हरवणार नाही. बायकोने विचारलं, कपाटात आहे तोच ना? म्हटलं, तोच, पण हा कायमचा. ती म्हणाली, मग कपाटातला काय पाहुणा होता?
मी डाउनलोड सुरू केलं.

११ मार्च
बाकीचे खेळही पुन्हा घेतले. थोडे डिजिटल, थोडे डिस्कवर, यात शिस्त राहत नाही.
संकल्प: यापुढे पसारा नको.

२० मार्च
खेळांचं नवं मशीन आलं. सडपातळ. डिस्कची फट नसलेलं मॉडेल मुद्दाम घेतलं. फट म्हणजे धूळ.
जुनं मशीन ताईला दिलं. तिच्या मुलीला सिनेमे बघायला होईल. डिस्क कोपऱ्यावरच्या जुन्या खेळांच्या दुकानात विकल्या. दुकानदार म्हणाला, नक्की ना, लोक परत येतात. मी हसलो. ताईने डिस्कबद्दल विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

९ एप्रिल
ताईची बदली झाली. समुद्रापलीकडे. सोमवारी, एकोणीसला निघायचं. सामान पुढे गेलंसुद्धा, जुन्या मशीनसकट.
दीपगृहाचा खेळ शाळेत असताना आम्ही दोघांनी पैसे साठवून घेतला होता. डिस्कच्या डबीच्या आत दोघांची नावं, तिच्या अक्षरात, तिचं आधी. मी वल्ही मारायची, तिने कंदील धरायचा. शेवटची फेरी कधीच पार पडली नाही. दर वेळी होडी खडकावर. आज फोनवर म्हणाली, जायच्या आधी तेवढं संपवू या, मग कधी जमतंय कोण जाणे. डबी जपून ठेवली आहेस ना? म्हटलं, डबीहून पक्की व्यवस्था आहे. तू फक्त रविवारी राहायला ये.

१२ एप्रिल
कंपनीचा ई-मेल. कुठल्याशा खेळाचा परवाना संपतोय वगैरे. पूर्ण वाचला नाही. सुरुवातीला 'प्रिय ग्राहक' लिहिलं होतं. प्रिय माणसाच्या हातातलं कोणी काढून घेत नाही.

रविवार, १८ एप्रिल, दुपारी
ताई यायच्या आधी खेळ चालवून पाहिला. पडद्यावर आलं, हा खेळ आता उपलब्ध नाही. खाली एकच बटण: 'ठीक आहे'. ठीक नव्हतं. पण दुसरं बटणच नाही.
ग्राहक सेवेतली बाई फार गोड बोलली. सर, तुम्ही खेळ घेतला नव्हता, खेळायची परवानगी घेतली होती. म्हटलं, पावतीवर खरेदी लिहिलंय. म्हणाली, बरोबर सर, परवानगीची खरेदी.
विश्वासघात. आमचं कपाट असं कधी वागलं नव्हतं.

तोच दिवस, संध्याकाळी
धावत दुकानात गेलो. आमचीच डबी, अजून फळीवर. या वेळी दुकानदार हसला. एकच खेळ तिसऱ्यांदा विकत घेतला. पण कंपनीला हरवलं.
घरी ताई येऊन बसली होती. डिस्क काढली. मशीन उचललं, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. बायको म्हणाली, फट शोधतोयस का? धूळ जाते म्हणून नको होती ना तुला.
ताईने डबी हातात घेतली. आतली नावं वाचली. मग वरचा दुकानाचा स्टिकर नखाने खरवडत बसली. म्हणाली, विकलीस? म्हटलं, कंपनीने फसवलं गं. ती म्हणाली, कंपनीला माझं नाव कुठे ठाऊक होतं?
जेवताना हवापाण्याविषयी बोललो.
संकल्प: यापुढे कोणत्याही कंपनीवर विश्वास ठेवायचा नाही.

१९ एप्रिल
सकाळी ताई गेली. डिस्क घेऊन गेली. मशीन तिकडच्या घरी पोचलंय. वल्ही भाची मारणार आहे.