दोन खोल्यांत हातमाग

पवनी, रविवार, १२ नोव्हेंबर १९७८

मावतो! माग मावतो!

कर्ज फेडायला हे मोठं घर विकून दोन खोल्यांत जायचं, तर महिनाभर यांचं एकच पालुपद, "तिथं माग कुठी मावते?" आज ती जागा बघायला गेलो. अंगावरचं लुगडं आमच्याच मागावर विणलेलं, त्याचं माप मला पाठ. मी सरळ पदर धरून खोलीच मोजली. मावतो!

हे भिंती चाचपत फिरले. नाही म्हणतात की काय? इथलं अंगण सोडताना मलाही जड जाईलच, पण...

तेवढ्यात हे खिडकीजवळ भुईवर बसले, डोळे मिटले आणि विणल्यासारखे हात हलवू लागले. सूत नाही, धोटा नाही, नुसते हात. मग म्हणाले, "भिंतीले कोपर नाही लागत वो. घर विकून टाकू."