'तळघर तीन'ची एकुलती प्रत

४ मार्च, मंगळवार

घुबडाला नोटीस आली! घुबड म्हणजे आमच्या इंटरनेटवरच्या ग्रुपमधलं एक. खरं नाव नऊ वर्षांत कळलं नाही. मलाही तिथं कासवच म्हणतात. डीजे लोकांच्या थेट कार्यक्रमांची रेकॉर्डिंगं जमवणारे आम्ही साठ-सत्तर खुळे. घुबडाने गेल्या आठवड्यात कुणाचा तरी तीन तासांचा सेट, म्हणजे गाण्याला गाणं जोडून सलग वाजवलेला कार्यक्रम, सगळ्यांसाठी चढवला. आज खातं बंद आणि हातात वकिलाचं पत्र — 'परवानगीशिवाय वितरण'.

माझ्या हार्ड डिस्कवर असे सहाशे चाळीस आहेत. सगळे उतरवून घेतलेले, विचारलेलं कुणालाच नाही. चष्म्याच्या काचा घासताना हात सतत ओले. दर चार मिनिटांनी गाणं बदलायला हात पुसत बसलं तर चष्मे व्हायचे कधी? सेट एकदा लावला की दोन तास निश्चिंती. एवढ्याशा सोयीपायी लागलेलं हे वेड. पण वकिलाला हे कोण समजावणार!

५ मार्च, बुधवार

वाटलेला मात्र मी एकही नाही. घेतो, देत नाही. ग्रुपवर टोमणे मारतात, "कासव नुसतं गिळतंय." मारू देत. आज त्याच कंजूषपणाचा आधार वाटला.

७ मार्च, शुक्रवार

पाल चुकचुकली.

अनोळखी खातं, फोटो नाही, कालच उघडलेलं. निरोप असा: 'नऊ वर्षांपूर्वीचा "तळघर तीन"चा रेडिओवरचा सेट तुमच्याकडे आहे असं कळलं. मूळ फाइल हवी, तारखेसकट, काही न बदललेली. कारण इथे लिहिता येत नाही.'

कारण लिहिता येत नाही म्हणे! सहाशे चाळिसांतला नेमका तोच. तो सेट दुसऱ्या कुणाकडेच नाही. इंटरनेटवरचा छोटासा रेडिओ होता, थेट प्रक्षेपण चालू असताना मी उतरवून घेतला. पुढच्याच वर्षी रेडिओ बंद पडला. 'तळघर तीन' हा बाबा कोण, काळा की गोरा, कधी कळलं नाही. पुन्हा कुठे वाजवलंही नाही त्याने. दोन तास अकरा मिनिटं. मध्येच कुणाच्या तरी हातून ग्लास फुटतो, दोघं-तिघं हसतात, आणि हा पठ्ठ्या त्या हसण्यावरच पुढचं गाणं आणून बसवतो. माझ्या संग्रहातला राजा आहे तो. आणि मूळ फाइल तारखेसकट कुणाला लागते? पुरावा गोळा करणाऱ्याला!

उत्तर दिलं नाही.

८ मार्च, शनिवार

मेहुणा जेवायला आला होता. वकील आहे. सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, "माझ्या एका मित्राकडे अशी रेकॉर्डिंगं आहेत..."

"भावोजी, मित्राकडे किती आहेत?" पहिलाच प्रश्न! ही फिस्सकन हसली.

मग तासभर प्रवचन. ऐकणं वेगळं, उतरवून घेणं वेगळं, वाटणं सगळ्यांत वाईट. डीजेने स्वतः 'घ्या' म्हटलं तरी भागत नाही, कारण त्यातली गाणी त्याची कुठे असतात? प्रत्येक गाण्याला बाप वेगळा, रेकॉर्ड काढणारी कंपनी वेगळी. शिवाय कार्यक्रम घेणारा, प्रक्षेपण करणारा. "एका सेटमध्ये तीस गाणी धरा, म्हणजे किती जणांचं देणं लागता बघा. मित्राला सांगा, कुणाला देऊ नको, आणि घाबरून पुसूही नको. उद्या खरंच काही निघालं तर पुरावा नष्ट केला म्हणतील. कुणी विचारलं तर माझा नंबर दे."

माझा नंबर दे! म्हणजे याला अशील मिळालं. तरी मी म्हणतोय, आज बोलावल्याशिवाय कसा आला.

१० मार्च, सोमवार

पुन्हा तोच निरोप. या वेळी 'कृपया' आहे. पोलीस कृपया म्हणतात का? हल्ली म्हणत असतील.

११ मार्च, मंगळवार

दुकानात बसून एकच विचार: माझ्याकडे तो सेट आहे हे कुणी सांगितलं? ग्रुप चालवणारे मास्तर सोडून कुणाला ठाऊकच नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना चष्मा करून पोस्टाने पाठवला, तेव्हा बोलण्याच्या भरात सांगून बसलो. हात दाखवून अवलक्षण! दुकानाचा पत्ताही त्यांच्याकडेच.

मास्तरांना विचारलं. उत्तर: "घाबरू नका, माणूस चांगला आहे. भेटून घ्या." बस्स, एवढंच. घुबडालाही हेच सांगितलं असेल.

विचारांच्या नादात एका आजोबांच्या डाव्या काचेला उजवा नंबर लावला. वीस वर्षांत पहिल्यांदा.

१३ मार्च, गुरुवार

आज दुकानात एक बाई आली. चाळिशीची. रिमलेस चष्मा, म्हणजे बिनफ्रेमचा, काचेलाच भोक पाडून दांडी बसवलेला; एका काचेचं भोक झिजून दांडी हलत होती. म्हटलं, नवी काच कापावी लागेल, भोक नव्याने घ्यावं लागेल. "घ्या की, मी बघू का?" म्हणाली, आणि स्टूल ओढून बसलीच.

गिऱ्हाईक काचेकडे बघतं. ही माझ्याकडे बघत होती. मध्येच म्हणाली, "काम करताना काही ऐकत नाही का तुम्ही?"

ती आत आल्या-आल्याच मी कानातला इअरफोन काढून खिशात टाकला होता. म्हटलं, "मला गाण्यातलं काही कळत नाही."

"आत्ता कानात काहीतरी होतं ना?"

"बातम्या."

हसली नाही. वाईट वाटल्यासारखा चेहरा केला — चांगलं शिकवून पाठवलेलं दिसतं! म्हणाली, "मला थोडं बोलायचं होतं." मी ड्रिल चालू केलं. त्या आवाजात कुणाला बोलता येत नाही. ड्रिल बंद करून म्हटलं, "मंगळवारी या, तयार ठेवतो." तिचा नंबर जेमतेम पाऊण. पाऊण नंबरवालीला एवढी कसली घाई?

१४ मार्च, शुक्रवार

हिला सगळं सांगितलं. भाजी निवडत शांतपणे ऐकलं.

"अहो, मग तिला विचारा ना, कशाला हवंय ते."

"आणि ती म्हणाली, कोर्टाला हवंय, तर?"

"तर कळेल तरी. तुमचं आपलं भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तो सेट ऐकून आजवर कुणाचं काय वाईट झालंय?"

बायकांना कायदा कळत नाही, असं म्हणणार होतो. हिचा भाऊच वकील.

१५ मार्च, शनिवार

दुपारी शटर अर्धं ओढून घेतलं. 'तळघर तीन' शेवटचा ऐकला, पूर्ण, हातात काही काम न घेता. खरं लिहायचं तर डोळे भरून आले. हा माणूस कोण, कुठे असेल, अजून वाजवत असेल का? त्याला एक शब्द कळवावासा वाटला, की नऊ वर्षं माझे दिवस तू बरे घालवलेस.

मग आधी कामावरच्या लहान प्लेअरमधलं सगळं पुसलं. हार्ड डिस्क उघडून आतली चकती काढली आणि ड्रिलखाली धरली. रिमलेसच्या काचेला घेतो तशी तीन भोकं, नीट मापात. सवय! दुसरी प्रत कुठेच नाही. त्या इंटरनेटवरच्या साठवणीवर माझा कधी विश्वास नव्हता. दुसऱ्याच्या घरात आपलं कपाट कोण ठेवतो? मेहुणा काय वाटेल ते म्हणो. जे नाहीच ते कोण शोधून काढणार!

१६ मार्च, रविवार

झोप छान लागली. आता येऊ दे कोण येतंय ते.

१८ मार्च, मंगळवार

ती आली. चष्मा घातला, आरशात बघितलंही नाही. म्हणाली, "तळघर तीन म्हणजे मी."

तो नव्हे, ती. सेटच्या मधोमध पाच मिनिटं वाजते ती धून तिने स्वतः केलेली. आता एका बड्या कंपनीने ती दुसऱ्याच्या नावाने काढली आहे. परवा कोर्टात तारीख. आपण ती नऊ वर्षांपूर्वी वाजवली होती, याला दुसरा पुरावा नाही. कंपनीची माणसं ग्रुपवर आहेत, कासव त्यांच्यातलंच निघालं तर, म्हणून कारण लिहिता आलं नाही. मला कायद्याची भीती वाटत असेल म्हणून कागद लिहून, सही करून आणला होता — 'यांनी माझा सेट उतरवून घेतला, माझी तक्रार नाही, मी आभारी आहे.'

मी सांगून टाकलं. भोकांसकट.

तिने कागदाची घडी घातली. मग अगदी हळू म्हणाली, "तुम्ही कुणाला तरी दिला असेल ना? एखाद्याला तरी?"

"नाही," मी म्हणालो.