झोपलेल्याचं माप

१४ एप्रिल

प्रिय बाबा,

ताई पत्राच्या सुरुवातीला 'तीर्थरूप' लिहिते. मीही लिहायला घेतलं, दोनदा खोडलं, मग म्हटलं जाऊ दे, नमस्कार पोचला म्हणजे झालं. तर नमस्कार.

मी बरी आहे. वेळेवर जेवते. केस कापलेत, त्यावर बोलू नका. बसचा रस्ता जिथे संपतो तिथे एक मुक्कामाचं घर आहे. डोंगरात जाणारे लोक आदल्या रात्री इथे उतरतात. मी भांडी घासते, पांघरुणं वाळत घालते आणि उरलेल्या वेळात खिडकीतून बघते. उरलेला वेळच जास्त आहे, कारण वरची खिंड अजून बर्फाने बंद आहे आणि पाहुणे कमी. झोपेत पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं की पाय उघडे पडतात ना, तसे समोरच्या डोंगराचे पाय आता उघडे पडायला लागलेत. रोज सकाळी बघते, आज घोटा दिसला, आज पोटरी. जूनच्या सुरुवातीला गुडघ्यापर्यंत उघडा होईल असं इथला आचारी म्हणतो. तेव्हा वाट खुली होते.

काय सांगत होते? हां. मला एक तंबू हवाय, तुम्ही शिवलेला. दोघांचा. खिंड उघडली की पाठीवर पिशव्या टाकून तीन रात्री वर राहून यायचं मनात आहे. लांब नाही, उगाच छाती फुटेल असंही काही नाही.

उंची इंचांत लिहून पाठवली तर तुम्ही कागद फाडाल हे ठाऊक आहे. तुमचंच वाक्य, 'तंबूचं माप उभ्याचं नसतं, झोपलेल्याचं असतं.' म्हणून मी इथल्या स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी झाले आणि आचाऱ्याला कोळशाने माझ्याभोवती रेघ काढायला लावली. तो म्हणाला, "पोरी, एवढ्यात कुणी आत आलं तर मी सांगू काय?" त्या रेघेवर सुतळी धरून गाठी मारल्यात. पहिली गाठ डोकं, दुसरी खांदा, तिसरी कुशीवर वळल्यावर गुडघा जिथे येतो तिथे. सुतळी सोबत आहे.

दुसऱ्या माणसाचं माप मागाहून कळवते.

ताई लिहिते की हिवाळ्यापासून दुकानातल्या शिलाई मशीनवर चादर टाकलेली आहे. ताई काय, काहीही लिहिते.

तुमची,
भिंगरी


२ मे

प्रिय बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. 'तयार तंबू बाजारात मिळतात. मशीन विकायला काढलंय. दुसरं कोण?' संपलं कार्ड. खाली एवढी कोरी जागा होती की मी त्यावर भाजीचा हिशेब केला.

आधी बाजारी तंबूबद्दल. परवा एक जोडपं असला चकचकीत तंबू घेऊन आलं. अंगणात लावून बघितला, आणि मी सवयीने जाऊन शिवणीवर नख फिरवलं. मेण नाही! शिवण एकेरी! मी म्हटलं, "तुम्ही दोघं आत बसा, मी वरून पाणी ओतते, कुठे गळतं ते ओरडून सांगा." त्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "हिला काही झालंय का?" त्यांना काय माहीत, आपल्याकडे तंबू असाच पास व्हायचा. तुम्ही बाहेर झारी घेऊन, आणि आत…

असो.

वाट सांगते. पहिल्या दिवशी पाइनच्या झाडांतून हळूहळू चढ. जमिनीवर त्यांच्या सुईसारख्या पानांचा एवढा जाड थर आहे की पावलाचा आवाजच येत नाही, आपण चालतोय की स्वप्नात कुणी चालवतंय असं वाटतं. झाडं संपतात तिथे पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी गवत, दगड आणि मग तळं. ते खिंडीच्या अलीकडेच आहे, म्हणून मी मागच्या आठवड्यात एकटी, ओझं न घेता, बर्फ तुडवत एका दिवसात तिथवर जाऊन बघून आले. तळ्यावर अजून बर्फ होता, पण कडेने सुटायला लागलेला. सुटताना कोरं कापड टरकन फाडल्यासारखा आवाज येतो. मी मागे वळून बघितलं, बाबा. खरंच वाटलं, मागे कुणीतरी कापड फाडतंय.

तिथेच दोन रात्री राहायचं. का, तर काही करायचं नाही म्हणून. मग उतरायचं आणि आचाऱ्याच्या हातचं गरम सूप प्यायचं.

आता तुमची तिसरी ओळ. मुलगा असेल तर सरळ सांगून टाक, असं तुम्ही ताईकडून कळवलंत. तसं नाहीये. माणूस चांगलं आहे. माझ्यापेक्षा वयाने मोठं, बोलायला कंजूष. गुडघे जरा कुरकुरतात, म्हणूनच सोपी वाट शोधली. घोरतं म्हणतात, पण मला चालेल. येईल की नाही याचीच खात्री नाही. मी अजून विचारलेलंच नाही.

मशीन एवढ्यात विकू नका. निदान माझं काम होईपर्यंत.

तुमची,
भिंगरी


१६ मे

बाबा,

उत्तर नाही. ताईचं मात्र आलं. मशीनला गिऱ्हाईक मिळालंय, महिनाअखेरीस घेऊन जाणार. तुम्ही घरात झोपत नाही, दुकानातल्या कापायच्या टेबलावर झोपता. 'विचारलं तर म्हणतात, इथे बरं वाटतं.'

मी ते आचाऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग तू इथे माझी भांडी कशाला घासत बसलीस? घरी जा." मी पांघरुणं झटकायला बाहेर गेले. अर्धा तास झटकत होते. एक फाटलं.

घरी येऊन काय करू, बाबा? हिवाळ्यात आई गेली तेव्हा आलेच होते की. आपण समोरासमोर बसायचो, मी तिच्या जागेकडे बघायची, तुम्ही माझ्याकडे बघायचात, आणि मग दोघांपैकी कुणीतरी पाणी प्यायला उठायचं. एवढं पाणी आपण जन्मात प्यालो नसू. इथे वर तसं होणार नाही असं मला वाटतं. चालताना तोंड पुढे असतं, एकमेकांकडे बघावं लागत नाही. दम लागतो, त्यामुळे गप्प राहिलं तरी कुणी विचारत नाही.

तंबू पास करताना आत आई आणि मी बसायचो, आठवतं? हिरव्या कापडातून येणाऱ्या उजेडात तिचे हात हिरवे दिसायचे. वरून झारीचं पाणी ताडताड पडायचं, ती गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि ओरडायची, "कोपऱ्यात एक थेंब! शिवण मारा परत!" तुम्ही बाहेरून, "एकच ना?" "एक म्हणजे गळतोच हो!" माझ्या पायाला जी भिंगरी लागली ती तिथेच लागली. शाळेत बसून मला कधी कुठे गेल्यासारखं वाटलं नाही. त्या हिरव्या उजेडात रोज वाटायचं.

आणि दर वेळी बाहेर येताना ती म्हणायची, "एक आपल्यासाठी शिवा की." तुमच्या तोंडात टाचण्या. त्यांच्या आडून तुम्ही म्हणायचात, "आपल्याला घर आहे." ती म्हणायची, "घर असलेल्यांनी बाहेर झोपायचंच नाही की काय?" तुम्ही 'हूं' करून पुढची शिवण धरायचात. गावभर लोकांना छप्पर दिलंत, पण स्वतः शिवलेल्या तंबूत तुम्ही एक रात्र काढलेली नाही. मला तरी आठवत नाही.

आता लिहूनच टाकते. माप घेताना खडू तिच्या हातात असायचा. तुमचे गुडघे वाकत नाहीत म्हणून गिऱ्हाइकाला जमिनीवर झोपवून तीच भोवती रेघ काढायची. लोक लाजून श्वास रोखून पडायचे, तेव्हा म्हणायची, "श्वास घ्या हो, मी मेलेल्यांची मापं घेत नाही." सगळं दुकान हसायचं. आता तो खडू कोण फिरवणार म्हणून तुम्ही मशीनवर चादर टाकलीत. हे मला ताईने सांगायला नको.

दुसरं माप तुमचं आहे.

ताईला बोलवा. टेबलावर नको, जमिनीवर झोपा. खडू तिच्या हातात द्या. ती रडेल, रडू द्या. रेघ वाकडी आली तर दोन बोटं जास्त धरा. मग शिवा आणि या. मशीन विकायचंच असेल तर त्यानंतर विका, मी अडवणार नाही. पण शेवटचा तंबू दुसऱ्या कुणाचा नको.

यायचं नसेल तर तसं लिहा. मी एकटी जाईन, त्या एकेरी शिवणीच्या तंबूत. गळेल. गळू दे.

भिंगरी


३० मे

प्रिय बाबा,

तुमचं कार्ड आज आलं. बसवाल्याने खिडकीतून फेकलं, ते थेट भांड्यांच्या पाण्यात पडलं. बाहेर काढून चुलीजवळ वाळवलं. शाई थोडी पसरलीय, पण वाचता येतं.

'तंबू पाठवत नाही. घेऊन येतो. तिघांचा झालाय. कापड उरलं होतं.'

ताईचं पत्रही त्याच बसने आलं. तुम्ही चष्मा न काढताच जमिनीवर पडलात म्हणे. तिचा हात खांद्यापाशी येऊन अडकला, पुढे जाईना. तेव्हा तुम्हीच छताकडे बघत म्हणालात, "श्वास घेतोय मी. काढ." मग तिला हसूही आवरेना आणि रडूही. मशीनचं गिऱ्हाईक आलं, त्याला तुम्ही मशीनवरून न उठता 'काम चालू आहे' म्हणून परत पाठवलंत. पुन्हा कधी ये, ते सांगितलं नाहीत. ताईने विचारलं नाही, मीही विचारत नाही.

आचारी मला म्हणाला, "तुझा बाप येणार म्हणजे जेवण जरा बरं करायला हवं." मी म्हटलं, "काहीही कर, ते 'हूं' म्हणतील. तेच प्रशस्तिपत्र समज."

खांब मी उचलीन, कापड तुम्ही. डोंगर आता गुडघ्यापर्यंत उघडा आहे. वरून उतरलेले लोक सांगतात, तळ्यावर बर्फाचे तुकडे सुटे होऊन फिरतायत, रात्री एकाच्या अंगाला एक लागून झोपल्यासारखे दिसतात. तिथे पोचलो की तंबू लावायचा, आणि मी तळ्याचं पाणी वरून ओतेन. या खेपेला आत तुम्ही बसायचं. गळालं तर ओरडायचं. 'एकच आहे' म्हणून गप्प बसायचं नाही.

आणि कापडाचं म्हणाल तर, तुमच्याकडे कापड कधी उरलंय, बाबा? चिंध्यांच्यासुद्धा तुम्ही पिशव्या करायचात. तिसऱ्या मापासाठी तुम्हाला ना खडू लागला असेल, ना सुतळी.

मधली जागा आईची ठेवू. कडेला तिला गार लागायचं.

बस दुपारी येते. मी रस्ता संपतो तिथे उभी असेन.

तुमची,
या वेळी एका जागी थांबलेली
भिंगरी