गुरुवारी घरी

लोणावळा, ३ नोव्हेंबर १९३४
अखेर आपण इथल्या क्षयाच्या इस्पितळात डॉक्टर म्हणून रुजू झालो! खोली झकास, थंडी गुलाबी, खाणावळीतलं पिठलं तर विचारूच नका. आमचे मोठे डॉक्टर कारखानीस यांनी पहिलाच धडा दिला. क्षयाच्या रोग्याला खरं सांगायचं नाही. आशेवर माणूस चार दिवस जास्त काढतो. पटलं बुवा.

६ नोव्हेंबर
भाजे गावच्या रखमाजीची फुफ्फुसं पार गेलीत. मी त्याचा हात दाबून म्हटलं, गुरुवारी घरी जाल, ठणठणीत. काय खुलला गडी! त्याची बायको कस्तुराबाई पायाच पडली. मला उगीच मोठं झाल्यासारखं वाटलं.

८ नोव्हेंबर, गुरुवार
रखमाजी पहाटे वारला. भावांनी इंद्रायणीकाठी दहन केलं. वाईट वाटलं, पण बिचारा हसत गेला.

१२ नोव्हेंबर
कस्तुराबाई आली ती संतापूनच. म्हणाली, कारभारी गुरुवारी सांजचंच घरी आलं. जेवत न्हाईत, अंग गारढोण, लेकीला कुशीत घेऊन बसत्यात. तुमी मेलायसा म्हनलं तर हसत्यात. म्हनत्यात, डाक्टर बरा म्हनलाय, तू कोन सांगनार? आता तुमीच येऊन सांगा, तुमचंच ऐकत्यात.
दुःखानं डोकं फिरलं असेल म्हणून मी तिची नाडी पाहिली. हात बर्फासारखा. आणि खोकत होती.

१३ नोव्हेंबर
भर दुपारी भाजे गावी गेलो. ओटीवर रखमाजी. तोच, देवाशप्पथ तोच! उठून त्यानं घोंगडी अंथरली. कस्तुराबाई मागून खुणावत होती, सांगा, सांगा. लेक त्याच्या मांडीवर, ओठ निळसर. त्यानं विचारलं, सायेब, म्या बरा हाय नव्हं?
खरं सांगायलाच तोंड उघडलं. आणि म्हणालो — हो. ठणठणीत.
शी! कस्तुराबाईनं माझ्याकडे जे पाहिलं —

१६ नोव्हेंबर
कस्तुराबाई गेली. माझ्यामुळे. पोर एकटी, आणि तो तिथंच —

१७ नोव्हेंबर
दोघंही माझ्या खोलीच्या दारात. ती म्हणते, खोकला गेला, म्या बी बरी हाय नव्हं? बरी असंन तर लेकीकडं जाते, लय रडतीया.
नाही! खरं सांगितलं तरच पोर वाचेल. तोंडाचा भरवसा नाही. लिहून काढतो, तेच वाचून दाखवतो —
रखमाजी, कस्तुराबाई, नीट ऐका. तुम्ही दोघंही आता ठणठणीत ब