हिल्डाचा विसावा

थ्वेटगिल,
३ ऑक्टोबर १९७७

ती. ॲग्नेसताई,

नमस्कार वि. वि. इकडे सगळे खुशाल. मी पत्र लिहीत नाही म्हणून रागावली असशील, पण तू तरी कुठे लिहितेस! तीस वर्षांत थ्वेटगिलला पाऊल टाकलं नाहीस, बाबांच्या मातीलासुद्धा आली नाहीस, तेव्हा रागवायचा हक्क माझा.

आज कामासाठीच लिहितोय. माळाच्या नव्या मालकाने मढवाटेवर फाटक घालून कुलूप ठोकलंय. पूर्वी आपल्या खोऱ्यातली मढी ज्या वाटेने सात मैल खांद्यावरून कर्कहोमच्या चर्चला न्यायचे, तीच. एकदा शवपेटी गेली की वाट कायमची सगळ्यांची, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण मालकाचा वकील म्हणतो की खालचा रस्ता झाल्यापासून तिथून पेटी गेलेली पाहिलेला एक तरी जिवंत माणूस आणा. १० नोव्हेंबरला गावच्या हॉलमध्ये चौकशी आहे. वाट गेली तर मेंढ्या वरच्या कुरणात न्यायच्या कुठून?

वर तो शहाणा त्या वाटेवरच्या ‘हिल्डाचा विसावा’ या दगडाच्या नावावरून हसला. म्हणे हे नाव जुन्या एकाही नकाशात नाही, १९५८च्या नकाशात पहिल्यांदा उगवलं. माझं डोकंच फिरलं! चालून दमलेली हिल्डा त्या दगडावर टेकली आणि एवढ्या बर्फात तेवढ्या दगडावर कण साचला नाही, ही गोष्ट बाबा प्रत्येकाला सांगायचे. नकाशावाले आपल्याकडे उतरले होते, त्यांनासुद्धा सांगितली. स्वतः तिथून जाताना टोपी काढायचे. ती संत हिल्डाच ना? तू थोरली, तुला जुनं काही आठवत असेल तर कळव.

आमच्या सौ. नोराला स्वयंपाकघरातलं जुनं कपाट फेकायचंय, खालचा ओढायचा खण नाही म्हणून. तो उंदरांनी खाल्ला असं आई सांगायची. अख्खा ओकचा खण खाणारे उंदीर मी तरी पाहिले नाहीत. लेनर्डभावोजींना नमस्कार. लोभ आहे हे ठाऊक आहे, पण तो अधूनमधून कागदावरही येऊ दे.

तुझा,
रूबेन


हल,
२१ ऑक्टोबर १९७७

चि. रूबेन,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आल्यापासून माझं कशातच लक्ष नाही. रूबेन, तो वकील खरं बोलतोय. ते नाव जुनं नाही.

सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत, त्या मोठ्या बर्फात, तुला मामाकडे पाठवलं होतं. आठ वर्षांचा होतास, रडत गेलास. त्या आठवड्यात मला मुलगी झाली. मी अठरा वर्षांची, लग्न झालेलं नव्हतं. पोर दोन दिवस जगली. खालचा रस्ता बर्फाने बुजलेला, बाप्तिस्म्याला पाद्री येणं शक्य नव्हतं. मीच किटलीतलं कोमट पाणी तिच्या कपाळाला लावलं आणि तिला हिल्डा म्हटलं. बाबा दाराशी उभे होते.

सुतार बोलावला असता तर गावभर झालं असतं. बाबांनी कपाटाचा खालचा खण काढला, तिला त्यात निजवून वर फळी ठोकली, आणि तो उराशी धरून एकटे मढवाटेने गेले. दुसऱ्या दिवशी परतले तेव्हा आईला एवढंच म्हणाले की भुईला टेकवली नाही, दगडावरच विसावा दिला. माझ्याशी मात्र चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, त्यांना माझी लाज वाटते. एप्रिलमध्ये घर सोडलं ते त्याच रागात, आणि त्यांच्या मातीलाही आले नाही ती त्याच रागात.

आणि तू लिहितोस की ते टोपी काढायचे! माझ्या पोरीचं नाव मी एकटीच मनात घेते असं इतकी वर्षं समजत होते, आणि तुमचं सगळं खोरं ते येताजाता घेतंय. काय करून बसले रे मी!

लेनर्डला काल सगळं सांगितलं. त्याने उठून चहा करून आणला. हे पत्र चौकशीत वाचून दाखव. लोकांना बोलायचं ते बोलू देत. ते कपाट तेवढं फेकू नका. नोराला आशीर्वाद. माझ्यावरची माया हे वाचूनही आटणार नाही, एवढीच आशा.

तुझी ताई,
ॲग्नेस


थ्वेटगिल,
१२ नोव्हेंबर १९७७

ती. ताई,

नमस्कार. वाचलं. अर्ध्यावर पत्र नोराकडे दिलं, पुढचं तिने वाचलं. त्यावर वकिलाने विचारलं की कपाटाच्या खणाला शवपेटी कसं म्हणायचं?

तेव्हा मागच्या बाकावरून म्हातारी डॉर्कस मेटकाफ उठली. कर्कहोमला थडगी खोदणाऱ्या जोसायाची लेक. तिने सांगितलं की त्या दिवशी कर्कहोमला बाबांना दार तिनेच उघडलं होतं. बाबांच्या भुवयांवर बर्फ होतं. पेटी खाली ठेवा म्हटलं तर ठेवेनात. जोसायाने गोठलेली जमीन उकरेपर्यंत पाच तास ती मांडीवर घेऊन बसले. कुणाला सांगणार नाही असं बाबांनी वचन घेतलं होतं, म्हणून ती तीस वर्षं गप्प राहिली. आता पोरीच्या आईनेच सांगितलं म्हटल्यावर तिचं तोंड मोकळं झालं. मग तिने वकिलाला विचारलं, अजून कसली पेटी हवी होती रे तुला?

ताई, आपली माणसं घरातसुद्धा टोपी उतरवत नाहीत. ती एकेक करून टोप्या काढून उभी राहिली. लेखी निकाल यायचाय, पण चौकशी अधिकारी निघताना मालकाला म्हणाला की आजच कुलूप काढा.

उंदरांची चेष्टा केली, माफ कर. कपाट जागेवर आहे. खालच्या मोकळ्या जागेत नोरा आता काही ठेवत नाही. तुम्ही दोघं या. स्टेशनवर गाडी घेऊन येतो. माया आटायला मी काय ओढा आहे? ये.

तुझाच,
रूबेन


हल,
१६ नोव्हेंबर १९७७

चि. रूबेन,

आशीर्वाद. शनिवारी येतोय. गाडी आणू नकोस. आधी कर्कहोमला उतरू, डॉर्कस पोरीला पुरलेली जागा दाखवणार आहे. तिथून आम्ही मढवाटेने चालत येऊ. पोचायला उशीर झाला तर काळजी करू नका. विसाव्यावर जरा बसणार आहे.

तुझी,
ताई