पाण्याचं कार्ड आणि माझ्या भुवया

सोमवार, ६ जानेवारी

विशेष मुलांच्या थेरपी सेंटरवर पहिला दिवस. आजपासून रोज रोजनिशी लिहिणार. फक्त निरीक्षण, भावना नाहीत. इथल्या मोठ्या मॅडमनी हाच नियम सांगितला: जे दिसलं ते लिहायचं, जे वाटलं ते नाही. दुसरा नियम: पालकांना वचन द्यायचं नाही. दोन्ही नियम मनापासून पटले.

आमच्या घरात मी पहिली ग्रॅज्युएट. बाबांनी माझं डिग्रीचं सर्टिफिकेट फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलंय. दुकानदाराला सांगतात की पोरगी मुलांची डॉक्टर आहे. मी एकदा दुरुस्त केलं होतं. वारंवार दुरुस्त करणं उद्धटपणाचं दिसतं.

बुधवार, ८ जानेवारी

मला माझी पहिली मुलगी मिळाली. सहा वर्षांची, ऑटिझम, अजून एक शब्दही नाही. घरी तिला मैना म्हणतात. न बोलणाऱ्या मुलीला मैना. पण तिच्या आईने हे नाव ती पाळण्यात असताना ठेवलंय, तेव्हा कुणाला काय माहीत.

आई म्हणाली, ताई, मोठं काही मागत नाही मी. तहान लागली की तिने सांगावं, एवढंच करा. गेल्या उन्हाळ्यात मैना आत्याकडे होती. तिला पाणी हवं असलं की ती कुणाचंही मनगट धरून नळाकडे ओढते. आत्याला वाटलं, पोरगी मस्ती करतेय. तिने हात झटकला, पुन्हा झटकला. संध्याकाळी मैनेला सलाइन लावायला लागलं.

मी म्हणाले, काळजी करू नका, मार्च यायच्या आत मैना कुणालाही पाणी मागेल. हे वचन नव्हतं, अंदाज होता. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मोठ्या मॅडम तेव्हा फोनवर होत्या, त्यामुळे नियम मोडला असं काटेकोरपणे म्हणता येणार नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

प्लॅन तयार. ग्लासचं चित्र असलेलं कार्ड. मैनेने ते समोरच्याच्या हातात दिलं की लगेच पाणी मिळणार. आमच्या शास्त्राचा गाभाच हा: वागण्यानंतर काय मिळतं, त्यावर ते वागणं पुन्हा येईल की नाही ते ठरतं. ज्याला प्रतिसाद मिळतो ते वाढतं, ज्याला मिळत नाही ते हळूहळू विझतं. इतकी सोपी गोष्ट लोकांना कळत कशी नाही, याचं नवल वाटतं.

घरीही लागू करायचं ठरवलंय. मी दारात पाऊल टाकलं की बाबा रोज म्हणतात, आल्या बाईसाहेब, चला रे, अडाण्यांची शाळा भरली. मी चिडून काहीतरी बोलते, आणि माझ्या चिडण्यानेच ते वाढतं. आजपासून ढिम्म राहायचं. प्रतिसाद शून्य.

मंगळवार, १४ जानेवारी

मैनेने कार्डाचा कोपरा चावून खाल्ला. दुसरं कार्ड केलं, लॅमिनेट करून.

मग तिने माझं मनगट धरलं आणि दाराकडे ओढलं. मी उठले नाही. मोठ्या मॅडम म्हणाल्या, अगं, ऊठ. नवीन पुरतं हातात येईपर्यंत जुनं चालू राहू दे, ती तिची बोलीच आहे. मी हो म्हणाले. पण विचार केला तर त्यात गडबड आहे. दोन दारं उघडी ठेवली तर माणूस सवयीच्याच दारातून जाणार. मॅडम फार चांगल्या आहेत, पण त्यांचं शिक्षण जुन्या काळातलं.

संध्याकाळी मैनेच्या आईला फोन केला. मनगट ओढलं की घरात कुणीच उठायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, मग पाणी? मी म्हणाले, तुमचं तुम्ही अधूनमधून देत राहा, फक्त ओढल्यावर नाही. आत्यालाही सांगा.

मोठ्या मॅडमना हे सांगितलं नाही. बारीकसारीक गोष्टींसाठी त्यांना त्रास कशाला.

सोमवार, २० जानेवारी

मैनेच्या आईचा रडत फोन. मैना जास्तच ओढते, नखं लावते, जमिनीवर लोळते. मी शांतपणे समजावलं: विझताना दिवा मोठा होतो. पुस्तकातही हेच दिलंय. आता उठलात तर आजवरची सगळी मेहनत वाया. त्या म्हणाल्या, बघवत नाही हो ताई. मी म्हणाले, तिच्या भल्यासाठी आपल्याला कठोर व्हावं लागेल. हे वाक्य फोन ठेवल्यावर मला स्वतःलाच आवडलं.

घरीही तोच अनुभव. बाबांनी आज बाईसाहेब म्हटलं. मी गप्प. मग प्राध्यापिका म्हटलं. मग स्वयंपाकघरात येऊन, डॉक्टरीणबाई, आमची नाडी तपासता का, म्हणत हात पुढे केला. मी भाजी चिरत राहिले. आई म्हणाली, दे की गं काहीतरी उत्तर, दिवसभर तोंडात धरून बसलेला असतो तो ते वाक्य. मी आईला म्हणाले की ती नकळत त्यांच्या वागण्याला खतपाणी घालतेय. आई म्हणाली, तीस वर्षं घालतेय.

गुरुवार, ३० जानेवारी

आज मैनेने कार्ड दिलं. टेबलावर बूट, चेंडू आणि पाणी अशी तीन कार्डं होती. तिने माझ्याकडे बघितलं, पाण्याचं उचललं, आणि माझ्या हातावर ठेवलं.

बाथरूममध्ये जाऊन रडले. ही भावना नाही, निरीक्षण आहे.

आणखी एक: मनगट ओढणं पूर्ण बंद. घरीसुद्धा. मैनेची आई म्हणाली, आता हातच लावत नाही हो ती कुणाला. मी म्हणाले, बघा, म्हणाले नव्हते मी?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मैना एकदाही चुकत नाही. शिवाय कार्ड उचलण्याआधी ती थेट माझ्या चेहऱ्याकडे बघते. म्हणजे डोळ्यांत न बघणारी मुलगी डोळ्यांत बघायला लागली, तेही मी शिकवलं नसताना. याला बोनसच म्हणायला हवं.

मोठ्या मॅडम म्हणाल्या, घरी कुणाबरोबर करून बघितलंस का? खोली बदलून, माणूस बदलून? मी म्हणाले, करतेच आहे. म्हणजे करणारच आहे.

बाबा आज मी आल्यावर काही बोलले नाहीत. कालही नाही बोलले. प्रयोग यशस्वी. चपला काढल्या, आत गेले, जेवले. यश मिळालं की थोडं रिकामं वाटतंच, असं कुठेतरी वाचलंय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

मैनेच्या घरी सगळ्यांसमोर दाखवायचं ठरलं. कल्पना माझीच. मोठ्या मॅडमना मीच आग्रहाने बोलावलं. त्या म्हणाल्या, एवढी घाई? मी म्हणाले, आईला धीर येईल. आतून असंही वाटत होतं की मॅडमनाही थोडं शिकायला मिळेल.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

उद्या. मैनेच्या आईला सूचना दिली: दुपारच्या झोपेनंतर तिला पाणी देऊ नका. तहान असेल तरच मागण्याची इच्छा होते, हेही शास्त्रच. त्या म्हणाल्या, बरं, तुम्ही म्हणता तर.

बाबांना सहज सांगितलं, उद्या माझं डेमॉन्स्ट्रेशन आहे. ते म्हणाले, बरं. फक्त बरं. हल्ली ते फार मोजकं बोलतात.

शनिवार, २२ फेब्रुवारी

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिते.

मैनेचं घर. पंखा, सोफा, समोर तिची आई, बाजूला तिचे बाबा आणि मुद्दाम आलेली आत्या. आत्याच्या मांडीवर मोबाइल, व्हिडिओ काढायला. मी टेबलापाशी बसायला गेले. मोठ्या मॅडम म्हणाल्या, तू मागे भिंतीशी बस, समोर आईला बसू दे, घरी तीच असणार ना. मी बसले. मला काहीच भीती नव्हती.

आईने हात पुढे केला. मैनेने कार्डांकडे बघितलं, आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि मग सगळं अंग वळवून मागे माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांत नाही. जरा वर. तिने बूट उचलला, माझ्याकडे बघितलं. ठेवला. चेंडू उचलला, बघितलं, ठेवला. पाणी उचललं, आणि माझ्या भुवया वर गेल्या. मला कळलं की त्या गेल्या. कपाळावरची कातडी ओढली गेल्याचं कळलं. मैना वळली आणि आईच्या हातावर कार्ड ठेवलं.

आत्याने टाळ्या वाजवल्या. मोठ्या मॅडम टाळ्या वाजवत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. आईने कपातून दोन घोट दिले. मॅडम मला म्हणाल्या, आता डोळे मिट आणि तोंड भिंतीकडे कर. कार्डांच्या जागा बदला, पुन्हा घेऊया.

भिंतीवर रंगाचा एक पोपडा निघालेला होता. डोळे मिटायचे होते, पण मी तो पोपडा बघत राहिले. मागून आईचा आवाज येत होता. हे नाही राणी. हा बूट आहे. हा चेंडू आहे. पुन्हा बूट. मग कार्डं खाली पडल्याचा आवाज. मग काहीच आवाज नाही.

वळून बघितलं तर मैना हात मांडीवर ठेवून बसली होती. कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत होती. तिची आई म्हणाली, मैना, पाणी हवंय ना? मग ओढ ना बाळा, हे बघ, आधी ओढायचीस तसं ओढ. आणि तिने बांगड्या मागे सारून मनगट मैनेच्या समोर धरलं. मैनेने मनगटाकडे बघितलं आणि धरलं नाही. आपण सगळ्यांनी मिळून तिला शिकवलंय की ते धरून काही होत नाही.

आपण सगळ्यांनी नाही. मी.

आईच उठली. मैना ग्लासभर पाणी एका दमात प्यायली, आणि मग आणखी एक. आत्या हळू म्हणाली, मी हात झटकला तर निदान पुन्हा ओढायची तरी. मोबाइल अजून चालू होता.

जिन्यात मोठ्या मॅडमनी एकच विचारलं, ओढणं कधी बंद केलंस? मी म्हणाले, आपोआपच कमी झालं. मग दोन पायऱ्या उतरल्यावर म्हणाले, मी करायला लावलं. आणि आज दुपारपासून पाणीही द्यायला नको म्हटलं होतं. मॅडम तिथेच थांबल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, मी वेळेवर विचारलं नाही, ती चूक माझी. बाकीची तुझी.

रविवार, २३ फेब्रुवारी

सकाळी कारणं लिहिली. खोली गरम होती. आत्याचा मोबाइल समोर होता. लॅमिनेशन चमकत होतं. दुपारी वाचली. एकही खरं नाही. म्हणजे खोली गरम होती, एवढं खरं.

आरशासमोर बसून मनात पाणी म्हटलं. भुवया वर. बूट म्हटलं. जागच्या जागी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी कपाळ दाखवलं. मैनेला पाण्याचं कार्ड येत नव्हतं. तिला मी येत होते.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मैनेच्या आईची माफी मागायला गेले. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही शिकलेल्या ना ताई, म्हणून ऐकलं आम्ही. मैना खिडकीशी होती. तिने माझ्याकडे बघितलं, जरा वर, आणि वाट बघत राहिली. मी ओढणी कपाळावर घेतली. दुसरं काय करावं ते सुचेना.

नवा प्लॅन मोठ्या मॅडमचा. मैनेचा हात कुणाच्याही मनगटाला चुकून लागला तरी तो माणूस त्या क्षणी उठणार आणि पाणी देणार. पाणी एरवीही सतत मिळत राहणार. कार्ड नंतर, वेगवेगळ्या माणसांबरोबर, वेगवेगळ्या खोल्यांत. मी कोपऱ्यात बसायचं, बघायचं, चेहरा स्थिर ठेवायचा. केस माझ्याकडून काढून घ्या, असं मी म्हणाले. मॅडम म्हणाल्या, पळायला बरं निमित्त शोधलंस.

बुधवार, ५ मार्च

चेहरा स्थिर ठेवण्याचा सराव करतेय. आई म्हणाली, दाढ दुखतेय का? लवंग धर.

मार्च आला. मैना अजून कुणालाच पाणी मागत नाही. जानेवारीत निदान एका पद्धतीने मागत होती. मैनेच्या आईने मला या तारखेची आठवण करून दिली नाही. करून दिली असती तर बरं वाटलं असतं.

शुक्रवार, १४ मार्च

निरीक्षण. सेंटरची लहान खोली. मी कोपऱ्यात, मोठ्या मॅडम दाराशी. मी मुद्दाम दोन्ही बाह्या वर सरकवल्या होत्या आणि घड्याळ काढून ठेवलं होतं. मनगटं मांडीवर, दिसतील अशी. चेहरा स्थिर.

मैना उठली. माझ्याकडे आली. माझ्या अगदी समोर थांबली. भुवयांकडे बघितलं. मी हललेच नाही, श्वाससुद्धा घेतला नाही. ती माझ्या बाजूने पुढे गेली आणि मोठ्या मॅडमचं मनगट धरलं. धरलं म्हणजे बोट लावलं. मॅडम खुर्ची पाडून उठल्या.

पाणी प्यायली. मैनेची आई दारात उभी राहून तोंडावर हात धरून रडत होती. मला फार आनंद झाला. जे दिसलं ते लिहायचं असेल तर हेही दिसलं: मी बाह्या खाली केल्या, बटणं लावली, आणि ते करायला मला बराच वेळ लागला.

घरी आले. बाबा टीव्हीसमोर, वर माझी फ्रेम. मी चपला काढल्या नाहीत, दारातच उभी राहिले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. खोकले. बाईसाहेब नको, प्राध्यापिका नको, अडाण्यांची शाळा तरी चालली असती. शेवटी मीच म्हणाले, बाबा, मी आले.

बाबांनी वळून बघितलं. म्हणाले, दार लाव, डास येतात.